काशम्माचं पान

शाळेच्या दाखल्यावर सुकन्याचं जन्मगाव 'सांगोला' असं लिहिलेलं आहे. नाव घालताना गुरुजींनी विचारलं आणि तिच्या वडलांच्या तोंडात जे गाव आधी आलं ते त्यांनी सांगून टाकलं. ती खरी जन्मली अक्कलकोटच्याही पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या एका शेताच्या बांधावर. ज्वारी निघून गेली होती आणि मोकळ्या रानात वडलांची दोनशे मेंढरं खतासाठी बसवायला आणली होती. उन्हं कलली तशी आईच्या, केराबाईच्या, पोटात कळा सुरू झाल्या. माणसं मेंढरांमागं लांब गेलेली. तळावर एक म्हातारं कुत्रं, बिऱ्हाड वाहणारं घोडं आणि ती.

शेतमालकाची बायको काशम्मा त्या वेळी भाकरी द्यायला म्हणून आली होती. तिला मराठी येत नव्हतं, केराबाईला कन्नड येत नव्हतं. काशम्मानं भाकरीचं फडकं तिथंच टाकलं, तीन दगडांची चूल पेटवली, पाणी तापवलं, नाळ कापली आणि अंगावरच्या इरकली लुगड्याचा पदर फाडून पोर त्यात गुंडाळली. तिसऱ्या दिवशी तळ हलायला निघाला तेव्हा तिनं पोरीच्या कपाळाला कुंकू टेकवलं आणि "सुकन्या" म्हणाली. धनगराच्या घरात तोवर असलं नाव कुणाचं नव्हतं. पण ठेवलं ते राहिलं.

केराबाई तिसऱ्या दिवशी चालायला लागली. त्या रानाकडे तळ पुन्हा गेला तो सहा वर्षांनी, तेव्हा काशम्मा नव्हती. केराबाई तिच्या उंबऱ्याला हात लावून म्हणाली, "बाय, तुजं नाव मी ऱ्हाऊ दीन." कसं, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. तिला सही येत नव्हती, अंगठा येत होता.

हे सगळं सुकन्यानं लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलं होतं की काशम्माच्या फडक्यात त्या दिवशी किती भाकरी होत्या हेसुद्धा ती सांगू शकते. चार.

पुढे सुकन्या आश्रमशाळेत शिकली, सोलापूरला बी.ए. झाली आणि सिद्धराम सरांशी तिचं लग्न झालं. सर एका खासगी हायस्कुलात मराठी शिकवतात. त्यांचे वडील होटगीला रेल्वेत गँगमन होते, म्हणजे मेंढरं त्यांच्या घरातून एक पिढी आधीच गेली होती. सात रस्त्यापासून जवळ त्यांचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे. पाच दिवसांआड पाणी येतं, त्या दिवशी घरात कुणाशी कुणी नीट बोलत नाही. बाकी दिवस बरे जातात. सुकन्या म्हणजे ज्या बाईला सोसायटीत सगळ्यांच्या घरचं कळतं आणि जी ते कुणाला सांगत नाही, अशी बाई. शेंगाचटणी कुटताना तिच्या हातापेक्षा कान जास्त काम करतात असं सर म्हणायचे, आणि ते खरं होतं.

मुलगा पृथ्वीराज शिकायला पुण्याला गेला आणि दुपार रिकामी पडली. फोनवर गोष्टी वाचायचं एक अ‍ॅप त्यानंच तिला घालून दिलं होतं. महिनाभर वाचल्यावर सुकन्याला वाटलं, हे आपल्यालाही येईल की. दुपारी दोन ते चार, पंख्याखाली उशीला टेकून, एका अंगठ्यानं ती लिहायला लागली. वाटेवरचे तळ, वाघर, म्हणजे मेंढरांभोवती लावतात ती जाळी, घोड्यावरचं बिऱ्हाड, पावसात दूध न उतरणाऱ्या मेंढ्या, दुसऱ्याच्या रानात जन्मणारी पोरं. पहिल्या भागाला अकरा वाचक आले, त्यातला एक पृथ्वीराज. विसाव्या भागाला चारशे. नगरची एक नर्स प्रत्येक भागाखाली लिहायची, "ताई, पुढचा कधी?"

शेजारच्या सिद्धेश्वरीकाकू जिन्यात भेटल्या की हटकायच्या. "काय लेखिकाबाई, आमच्यावर लिहिलंय का नाही अजून?"

"तुमच्यावर लिहायला मोठा फोन घ्यावा लागेल, काकू."

मग पृथ्वीराजनंच सांगितलं की आता प्रकाशकाच्या दारात उभं राहायची गरज नाही. एक वेबसाइट आहे, तिच्यावर फाईल चढवायची, मुखपृष्ठ निवडायचं, बटण दाबायचं, की पुस्तक लोकांच्या फोनवर येतं, आणि कुणाला छापील हवं असेल तर मागवेल तशी प्रत छापून घरी जाते. सुकन्या दोन दिवस कुणाला काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं माहेरी फोन लावला.

"आई, माझं पुस्तक निघणार हाय."

केराबाई आता सत्तरीच्या पुढे. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याचं ऑपरेशन झालेलं. 

"छापील व्हय?"

"छापील."

"मग त्यात काशम्मा घाल. मला दुसरं काय बी नगं. तिचं नाव छापल्यालं माझ्या कानानं ऐकलं की झालं माझं."

"ती तर पहिल्याच पानावर हाय, आई."

वेबसाइटवरचं खातं सिद्धराम सरांच्या मोबाइल नंबरवर उघडलं. त्यात मुद्दाम काही नव्हतं. गॅस, वीज, बँक, सगळ्याला घरातला तोच नंबर आहे. फोनवरचे बावन्न भाग सरांनी लॅपटॉपवर घेतले आणि म्हणाले, "मी प्रूफ बघतो. ऱ्हस्व-दीर्घ लावतो. तुझ्या नावावर येणार, उगाच कुणी नाक मुरडायला नको." सुकन्याला बरं वाटलं. इतक्या वर्षांत तिचं कुठलं काम सर स्वतःहून हातात घ्यायची ही पहिली वेळ होती. शाळेतून आले की चहा घेऊन ते लॅपटॉपपुढे बसायचे. मधूनच आत विचारायचे, "अगं, वाघर म्हणजे जाळीच ना?" ती आतून सांगायची, "हो." फोनमधली जागा भरली म्हणून तिनं त्याच आठवड्यात जुन्या नोंदी पुसल्या. फाईल तर आता लॅपटॉपवर होती. अ‍ॅपवरचे भागही काढावे लागले. तेच पुस्तक दुसरीकडे फुकट वाचायला चालणार नाही, अशी वेबसाइटची अट होती. नगरच्या नर्सला तिनं कळवलं, "आता पुस्तकातच भेटू."

महिन्याभरानं एका रविवारी दुपारी सरांनी लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला.

"झालं. आता बटण दाबायचं. शेवटचं एकदा बघून घेतेस का?"

सुकन्याचे हात कणकेत होते. ती लॅपटॉपकडे पाठ करून उभी राहिली.

तिच्या माहेरी पहिली कातरलेली लोकर, पहिलं दूध, पहिलं कोकरू, सगळं आधी बिरोबाला जातं. देवाच्या आधी घरात कुणी त्याला हात लावत नाही. शहरात आल्यापासून तिनं यातलं फारसं पाळलं नव्हतं, मिक्सरही थेट खोक्यातून काढून वापरला होता. पण हे पुस्तक होतं, आणि पहिलं होतं.

"मी नाही बघणार," ती म्हणाली. "छापून येऊ दे. देवाला दाखवल्याशिवाय मी ते उघडायची नाही."

"अगं, ही नुसती फाईल आहे."

"तरी."

 सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. परात खरवडता खरवडता तिनं ते खांद्यावरून ओझरतं पाहिलं, आठवलं मात्र मागाहून. "बघ हं," ते म्हणाले, "मग म्हणू नकोस." आणि त्यांनी बटण दाबलं.

दोन दिवसांनी मेल आला की 'वाटेवरची', लेखिका सुकन्या सिद्धराम, हे पुस्तक आता उपलब्ध आहे. मुखपृष्ठावर माळ आणि पायवाट. तिनं ते एवढंसं चित्र दिवसातून दहा वेळा उघडून बघितलं. आत गेली नाही. सिद्धेश्वरीकाकूंनी पेढे मागितले, वाण्यानं साबुदाणा देताना "मॅडम" म्हटलं. सरांच्या स्टाफरूममधल्या लोकांनी पुस्तक फोनवर घेतलं, वाचलं आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात लेखिकेचा सत्कार ठेवायचं ठरवलं.

"देवाच्या आधी स्टाफरूम?" सुकन्या म्हणाली.

"फोनवरचं पुस्तक उघडलं असं धरत नाहीत," सर म्हणाले, आणि दोघंही हसली.

पुस्तकाखाली अभिप्राय यायला लागले. ते मात्र ती वाचायची, कारण अभिप्राय म्हणजे काही पुस्तक नव्हे. एकानं लिहिलं होतं, 'दवाखान्याच्या दारात उभा असलेला बाप डोळ्यांपुढून जात नाही.' दुसऱ्यानं, 'डाळिंबाच्या बहराबरोबर जन्मलेली लेक! व्वा, मॅडम.'

"अहो, ह्या लोकांनी दुसऱ्याच कुणाच्या पुस्तकाचं माझ्याखाली टाकलंय बघा," तिनं आतून हाक मारून सांगितलं. "माझ्यात कुठं दवाखाना?"

सर बाहेरच्या खोलीत पेपर तपासत होते. "होतं असं ऑनलाइनला," ते म्हणाले.

छापील प्रतींचं पार्सल आलं ते तिनं तसंच देव्हाऱ्याशेजारी ठेवलं आणि पुढच्या रविवारी दोघं सांगोल्याला गेली. सांगोल्यापुढच्या तिच्या गावात बिरोबाचं देऊळ माळावर आहे. भाऊ मल्हारनं सावलीत सतरंजी टाकून ठेवली होती. भावकीतली पंधरा-वीस माणसं जमलेली. सरांना जावई म्हणून भिंतीला टेकायला लोड दिला. केराबाई नवं लुगडं नेसून देवाच्या अगदी समोर बसली होती, बरा डोळा पुस्तकाकडे करून.

मल्हारनं पार्सल फोडलं. पहिली प्रत देवापुढे ठेवली, तिच्यावर भंडारा उधळला. चांगभलं झालं. मग त्यानं प्रत उचलून कपाळाला लावली आणि आपल्या बायकोच्या हातात दिली. पूनम बारावी झालेली, गावात बचत गटाचं वाचन-लिखाण तीच करते.

"वाच, पूनम. मोठ्यानं. आईला ऐकू जाऊ दे."

"सगळं नको," सर लोडाला टेकल्या टेकल्या म्हणाले. "एवढ्या उन्हात. अर्पणपत्रिका वाचा, बास."

"आसं कसं, पाव्हणं?" केराबाई म्हणाली. "पयलं पान तर आमचंच हाय."

"मी जरा चहाचं बघतो," म्हणून सर उठले. मल्हारनं त्यांना हाताला धरून खाली बसवलं. जावयानं चहाचं बघायचं असतं होय?

पूनम वाचायला लागली. तिचा आवाज चांगला आहे, शब्द तोडत नाही.

"'सांगोल्याच्या दवाखान्यात पांढऱ्या चादरीवर माझी आई झोपली होती. बाहेर आमच्या डाळिंबाच्या बागेला पहिला बहर आला होता. निरोप मिळताच बाबा बागेतून तसेच निघाले. दवाखान्याच्या दारात उभ्या असलेल्या माझ्या बापाच्या हातांना बागेतली माती तशीच होती. त्या हातांनी त्यांनी मला घेतलं नाही, नुसतं बघितलं.'"

"व्वा," मागून कुणीतरी म्हणालं.

सुकन्याला आधी वाटलं, पूनम चुकीचं पान वाचतेय. मग वाटलं, पुस्तकच दुसऱ्या कुणाचं आलं. पूनम पुढे वाचत होती. त्यात मेंढरं होती, पण ती बागेच्या कडेनं जाणाऱ्या दुसऱ्या कुणाची तरी होती. आई होती, पण ती गड्यांना हाका मारत होती. डॉक्टरबाई होती आणि मुलीचं नाव त्या डॉक्टरबाईनंच सुचवलं होतं.

पूनम थांबली. तिनं पुढचं पान उलटून बघितलं, मग आणखी एक. तीही ही गोष्ट सून होऊन आल्यापासून ऐकत आलेली.

"काशम्मा कुटं हाय?" केराबाईनं विचारलं.

"पुढं आसल, आत्याबाई."

"पुढं कशी आसल? मी पुढं बाळंतीन झाले व्हय? बघ की नीट."

पूनमनं पानं चाळली. वाऱ्यानं भंडारा पानांवर पसरला. देवळामागं एक शेळी ओरडत होती.

"मी कवा गेले दवाखान्यात?" केराबाई लेकीकडे वळली. "आन आपली बाग कुटं हाय? बाग तुज्या चुलत्याची. मी तर तिच्यात कवा फळ बी तोडलं न्हाय. सुके, तुला लाज वाटली व्हय माझी?"

"आई, हे मी लिहिलेलं न्हाय."

"पुस्तकावर नाव तर तुजंच हाय की, आक्का," मल्हार म्हणाला. टोमणा मारायला नव्हे, खरंच न कळून. त्यानं मुखपृष्ठ तिच्यापुढे धरलं.

सुकन्यानं नवऱ्याकडे बघितलं. आत्ता ह्या माणसानं तोंड उघडायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. सर देवाकडे बघत होते. चेहऱ्यावर भाविकपणा होता, हात जोडलेले होते. चार माणसांत नवऱ्याची अब्रू काढायची नाही एवढं सुकन्याला माहेरानंच शिकवलं होतं, त्यामुळे तीही पुढे बोलली नाही. केराबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. पुस्तकाला तिनं हात लावला नाही. "जावईबापूंना वाढा," एवढं सुनेला सांगून ती घराकडे चालायला लागली.

परतीच्या एसटीत दोघं शेजारी बसली होती. मंगळवेढा येईपर्यंत सुकन्या खिडकीबाहेर बघत होती.

"किती बदललं?" तिनं विचारलं.

"फार नाही. सुरुवात. मधले दोन-चार भाग."

घरी येऊन तिनं पुस्तक आधीपासून शेवटपर्यंत वाचलं, दोन दुपारी लागल्या. फार नाही म्हणजे असं होतं: मेंढरांमागची माणसं सगळीकडे गडी झाली होती. आई ज्या रानांतून अनवाणी चालली त्या रानांतून ती आता बैलगाडीनं जात होती. मेंढरांचा वाडा दुसऱ्याच्या शेतात बसवल्याबद्दल शिव्या खाल्ल्या तो भाग नव्हताच. आणि दवाखान्याच्या दारातला बाप प्रत्येक वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढून जात नव्हता. ते वाक्य सुकन्यानं तीनदा वाचलं. ते चांगलं होतं. सरांच्या आत असं वाक्य असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं, आणि त्यांनी ते तिच्या नावावर, तिच्या आईला पुसून, लिहिलं होतं. तिच्या वडलांनी त्या संध्याकाळी मेंढरांतून आल्या आल्या तिला उचलून घेतलं होतं. नुसतं बघितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटून सर घरी आले तेव्हा लॅपटॉप टेबलावर उघडा होता.

"जुनी फाईल कुठं आहे?"

"जुनी अशी नाही. त्यातच करत गेलो."

"म्हणजे माझं लिहिलेलं आता कुठंच नाही."

"सुकन्या, मी विचारलं होतं तुला. बघून घेतेस का म्हणून. तूच नाही म्हणालीस."

"हो. आणि तुम्हाला बरं वाटलं."

सर खुर्चीवर बसले. "स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाटतं की तुझ्या माहेरी डाळिंबाची बाग आहे. मीच सांगितलंय. लग्न झालं तेव्हापासून."

"वीस वर्षं?"

"एकदा सांगितलं की मग परत घेता येत नाही. गँगमनचा मुलगा आहे मी. पहिल्या वर्षी डबा खाताना मला विचारलं होतं, 'काय सर, तुमच्याकडं अजून मेंढ्या आहेत का घरात?' सगळे हसले होते. तुला काय माहीत ते हसणं."

"मला नाही माहीत?" सुकन्या म्हणाली. "आश्रमशाळेत माझ्या शेजारी कुणी बसायचं नाही, अंगाला लोकरीचा वास येतो म्हणून. ते आहे चौदाव्या भागात. होतं."

सरांनी हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"तुम्हाला लाज वाटत होती तर मला सांगायचं. मी पुस्तक छापलं नसतं. देवळात बोलायचं. आईनं मला विचारलं, तुम्हाला नाही. तुम्ही हात जोडून बसलात."

"सगळ्यांसमोर काय बोलणार होतो मी?"

"सगळ्यांसमोर माझी आई बोलली की."

तिनं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "पुस्तक काढायचंय. ओटीपी तुमच्या फोनवर येणार."

"अगं, शुक्रवारी सत्कार आहे. हेडसरांनी शाल आणलीय. पन्नास जणांनी वाचलंय, सगळे चांगलं म्हणतात. आता काढलं तर मी काय सांगू?"

"सांगा की लेखक तुम्हीच होता. शाल तुम्हाला होईल."

सरांचा फोन वाजला, ओटीपी आला होता. ते तो बराच वेळ नुसता हातात धरून होते. सुकन्या उभी होती. भाजीवाला खालून ओरडत गेला, शेजारच्या कुकरची शिट्टी झाली. मग त्यांनी एकेक आकडा वाचून दाखवला, वर्गात शुद्धलेखन सांगतात तसा, सावकाश. सुकन्यानं तो घातला. पुस्तकाच्या नावापुढे 'प्रकाशित' होतं तिथं 'अप्रकाशित' आलं. एवढंच. इतक्या दिवसांची लेखिका एका शब्दात संपली.

"आता नंबर बदलते खात्यावरचा," ती म्हणाली. "परत एक ओटीपी येईल."

"इतकाही विश्वास नाही का आता माझ्यावर?"

"नाही," सुकन्या म्हणाली. दूध संपलंय म्हणून सांगावं इतक्या साध्या आवाजात.

त्यांनी दुसराही वाचून दाखवला.

आठवडाभर माहेरचा फोन लागत होता पण केराबाई त्यावर येत नव्हती. पूनम म्हणायची, "आक्का, त्या शेरडांकडं गेल्यात." शेरडं मल्हारनं दोन वर्षांपूर्वीच विकली होती. सत्काराचा शुक्रवार उलटून गेल्यावर, रविवारी दुपारी, केराबाईनं स्वतःच फोन लावून घेतला.

"काढलंस म्हनं पुस्तक."

"काढलं. आई, ते ह्यांनी बदललं हुतं."

"ठावं हाय. तू न्हाय म्हनलीस तवा ते देवाकडं बगत हुतं. मला एका डोळ्यानं दिसतंय आजून."

"मग मला का तसं बोललीस सगळ्यांत?"

"तुला न्हाय तर कुनाला बोलू? नाव तुजं हुतं. तू बगितलं न्हाईस व्हय द्यायच्या आदी?"

"देवाच्या आधी बघायचं न्हाय म्हणून."

फोनमध्ये केराबाईचा श्वास ऐकू आला, मग ती हसली की खोकली ते कळलं नाही.

"आसं कुनी सांगितलं तुला? देवाच्या आदी वापरायचं न्हाय. बगायचं न्हाय आसं न्हाय. कोकरू देवाला न्यायचं म्हनलं की आपन आदी त्याचं पाय बगतो, डोळं बगतो, तोंड उघडून बगतो. लंगडं निगालं तर देवाफुडं नेतो व्हय? एवढी शिकलीस आन हे इसरलीस."

सुकन्याला दिसलं: परातीतली कणीक, लॅपटॉपकडे केलेली पाठ, सरांनी पुसलेला चष्मा, सगळं एकदम. त्यांनी फसवलं हे खरंच होतं, त्यात काडीचा फरक पडत नव्हता. पण दार तिनंच उघडं टाकलं होतं, आणि वर ते देवाच्या नावानं टाकलं होतं.

"आई, मी परत लिहिते."

"समदं?"

"समदं. बावन्न भाग. ह्या वेळी मीच घालीन, मीच बघीन."

"किती दिस लागत्याल?"

"मागच्या वेळी दीड वर्ष लागलं."

 पलीकडे पूनम कुणाला तरी पाणी भरायला सांगत होती.

"मी हाय तवर हुईल का गं?"

सुकन्याला 'हो' म्हणायचं होतं. पण गेल्या महिन्यात तिनं 'हो' आणि 'झालं' आणि 'फार नाही' असले शब्द इतके ऐकले होते की ते तिच्या तोंडात येईनात.

"पहिलं पान आज लिहिते," ती म्हणाली. "संध्याकाळी पूनमच्या फोनवर पाठवते. ती तुला वाचून दाखवील. चुकलं असेल तिथं तू सांग, मग पुढं जाते."

"बरं," केराबाई म्हणाली. "चुकलं तर सांगीन मी. मला जावई बिवई कुनाची भीड न्हाय."

फोन ठेवून सुकन्या पंख्याखाली बसली. आत सर झोपलेले नव्हते. दुपारी चारचा चहा हल्ली ते स्वतः करून घेतात, आणि तिच्यासाठी कप भरून टेबलावर ठेवतात. ती तो कधी पिते, कधी गार होऊ देते. तिनं फोनवर नवी नोंद उघडली आणि अंगठ्यानं लिहिलं: 'त्या दिवशी काशम्माच्या फडक्यात चार भाकरी होत्या.'